बॉनेटवरचा हात

रोडपालीचे गॅरेजवाले काका कुठल्याही गाडीत बसताना चपला खाली रस्त्यावरच काढतात. बॉनेट उघडण्याआधी त्यावर तळहात ठेवतात, पोराच्या कपाळावर ताप बघायला ठेवावा तसा. आधी मला हसू यायचं.

साहेबांची नवी हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर पळणारी गाडी मी चालवतो. कंपनीने सांगितलं होतं त्यापेक्षा ॲव्हरेज बरंच कमी येत होतं आणि साहेबांचा संशय माझ्यावर होता. आठवीत शाळा सोडून नांदेडहून आलेला मी. पेट्रोल चोरतो असा शिक्का बसला, तर इथे काम कोण देणार? कारण शोधायचंच, असं ठरवून काकांकडे गेलो.

त्यांनी हात ठेवला. "गार हाय. दिवसभर जातोस कुठं?"

"मुलांची शाळा, भाजी, जिम. सगळं जवळच."

"मग बरोबर हाय. इंजिन गरम व्हायला पेट्रोल खातं, आन् गरम झालं का तू बंद करतोस."

"साहेबांना हे पटणार नाही, काका."

रविवारी काका शटर ओढून थेट साहेबांच्या गेटवर आले. "साहेब, आज तुमी चालवा. ह्यो मागं बसंल, मी पुढं."

प्रत्येक ठिकाणी गाडी गार होऊ देत साहेबांनी त्याच तीन फेऱ्या मारल्या, शाळेच्या बंद गेटापर्यंतसुद्धा. डॅशबोर्डवरचा ॲव्हरेजचा आकडा माझ्यापेक्षाही खाली आला.

"आता कोनी चोरलं, साहेब?"

साहेब ओशाळून हसले आणि चावी माझ्या हातात दिली.

परत आलो तेव्हा काकांच्या चपला गेटपाशी उन्हात तापत पडल्या होत्या. मी आधी उतरलो आणि त्या उचलून काकांच्या पायांशी ठेवल्या.