पापलेटं आणि कंपाउंडच्या भिंती

पालघरहून बोईसर म्हणजे मध्ये फक्त उमरोळी स्टेशन. एवढ्याशा प्रवासाचं वर्णन कोणी लिहीत नाही. पण मला त्यात जेवढं चालावं लागलं तेवढं लोक गिरनार चढताना चालतात, म्हणून लिहितो.

सकाळी सोसायटीच्या मागच्या फाटकातून निघालो. स्टेशन तिथून जवळ. बाहेर पडल्यावर फाटकाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. परक्यांची ये-जा थांबावी म्हणून कमिटीत भांडून मीच हे कुलूप बसवलं होतं. सेक्रेटरी म्हणून माझी एवढीच कामगिरी.

"सगळ्यांना वळसा आणि स्वतःला वाट," सौ. म्हणाली. मी ऐकू न आल्यासारखं केलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली की जमतं ते.

मोहीम साधी होती. बोईसरपलीकडच्या नवापूरच्या किनाऱ्यावरून ताजी पापलेटं घ्यायची आणि बाराच्या आत बोईसरला लेकीकडे पोचवायची. मनीषाच्या सासूबाई कोल्हापूरहून पहिल्यांदाच आल्या होत्या आणि दुपारच्या गाडीने परत निघणार होत्या. आठवडाभर त्यांनी तांबड्या रश्श्याचंच कौतुक सांगितलं होतं. "बाबा, उशीर केलात तर मला जन्मभर ऐकावं लागेल," मनीषाने फोनवर बजावलं होतं.

नवापूरला बोंबील वाळत होते, वारा मोकळा होता. सौ.ने कल्ले उघडून बघत सहा पापलेटं निवडली. मी पिशवी धरली. माझी योग्यता तेवढीच.

परतताना बोईसरच्या अलीकडे ओळखीची चिंच दिसली आणि मी रिक्षा सोडून दिली. "तरुणपणी इथल्या कारखान्यात होतो. ही पायवाट मी डोळे मिटून चालेन!"

"उघडे ठेवूनच चला," सौ. म्हणाली.

पन्नास पावलांवर पायवाट भिंतीला जाऊन धडकली. भिंतीपलीकडे मनीषाची इमारत. चौथ्या मजल्याच्या बाल्कनीतून ती हात हलवत होती. तिच्या हातातला झाराही दिसत होता. शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये शिरलो. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना पाम, आणि शेवटी भिंत. त्याच्या पुढच्यात शिरलो. तिथे पाम जास्त, भिंत तीच.

"साहब, रास्ता इधर ही खतम है," वॉचमन म्हणाला. "उधर दूसरे बिल्डर का है."

आमच्या वेळच्या वाटा वेड्यावाकड्या होत्या, पण कुठे ना कुठे एकमेकींना भेटायच्या. हे रस्ते सरळ, गुळगुळीत, आणि शेजाऱ्याशी अबोला धरलेले.

सव्वाअकरा झाले. उन्हात पिशवीकडे बघवेना. एवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक मासेवाली मावशी समोर आली. तिने पिशवीत बोट घालून पाहिलं.

"डोले (डोळे) अजून ताजे हायेत. बारापरेंत शिजवा, नायतर मांजरीला घाला. कुठं चाललाव?"

मी बाल्कनीकडे बोट दाखवलं. ती हसली. "सगलेच अडकतात इथं. चला माज्या मागून."

दोन कॉम्प्लेक्सांच्या मधल्या भिंतीत एक छोटं फाटक होतं. उघडं. "या सोसायटीवाल्यांनी ठेवलंय. भली माणसं," ती म्हणाली. "बाकी ठिकाणी एका भिंतीपायी दुपार होते. मावरं (मासे) नरम पडतं आन गिऱ्हाईक म्हणतं, मावशी, शिलं आणलंस! भाऊ, तुमच्याकडं हाय का असं फाटक?"

"आहे," मी म्हणालो.

"उघडं?"

सौ. पामच्या झाडाचं निरीक्षण करू लागली. मी पापलेटांकडे पाहिलं. तीही माझ्याकडेच बघत होती.

पावणेबाराला तवा तापला. विहीणबाईंनी पहिला तुकडा संशयाने खाल्ला, दुसरा चवीने, मग ताट पुढे केलं. निघताना म्हणाल्या, "पुढच्या खेपेला पंधरा दिवस काढूनच येते." मनीषाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

संध्याकाळी आमच्या मागच्या फाटकाशी आलो. गाव वाढतं तेव्हा वाटा वाढत असतील अशी माझी समजूत होती. कितीतरी वाटा मात्र माझ्यासारखी माणसं खिशात घालून हिंडत असतात. आत शिरलो, सवयीने हात कुलपाकडे गेला आणि थांबला. कुलूप घरी आणलं. कमिटीत पुन्हा भांडावं लागेल, सराव आहे.

दुसऱ्या दिवशी धुण्याभांड्याच्या सुमनताई वीस मिनिटं लवकर आल्या. मी अजून अंथरुणात. सौ.ने पांघरूण ओढलं.

"उठा, सेक्रेटरी. फाटक तुम्हीच उघडलंत."