तानाजीचं रेड कार्ड

मी रेड कार्ड वर धरलं तेव्हा तानाजी माझ्याकडे बघतच नव्हता. तो जमिनीवर पडलेल्या शांबाकडे बघत होता. शांबाच्या नाकातून रक्त येत होतं, पण मातीत पडताच ते दिसेनासं होत होतं. डिचोलीच्या त्या मैदानाची मातीच त्या रंगाची.

"त्यानं मला कुत्रं म्हटलं, सर," तानाजी म्हणाला. "मघापासनं म्हणतोय."

"बाहेर जा," मी म्हणालो. रेफरीने अशा वेळी याहून जास्त बोलायचं नसतं.

तानाजी खाण कंपनीच्या टीमचा गोलकीपर. मूळ गडहिंग्लजचा. तिकडे गल्लीगल्लीत फुटबॉल खेळतात, तिथल्या एका मॅचमध्ये हेरून कंपनीने त्याला आणला होता. शांबा समोरच्या टीमचा फॉरवर्ड, पेडणे तालुक्यातल्या हळर्णचा. कॉर्नर किक घ्यायची होती. मैदानाच्या कोपऱ्यातून बॉल गोलसमोर मारतात, ती कॉर्नर. बॉल येईपर्यंत गोलच्या तोंडाशी सगळे एकमेकांना चिकटून उभे असतात. शांबा तानाजीच्या पुढ्यात पाठ करून उभा होता आणि कोपऱ्यातल्या आपल्या माणसाला हात हलवून बोलावत होता. बॉल मारला जायच्या आधीच तानाजीने त्याला खांद्याला धरून फिरवलं आणि ठोसा मारला. मी आठ-दहा पावलांवर होतो. सगळं पाहिलं, सगळं ऐकलं.

शांबाचा कॅप्टन धावत आला. "सर, बॉक्सात मारलां. पेनल्टी द्या."

"बॉल खेळात नव्हता. पेनल्टी नाही. कॉर्नर घ्या."

"नाक फुटलां आणि पेनल्टी नाय?"

"नाक फुटलं म्हणून रेड कार्ड दिलं."

नियम तसाच आहे. बॉल थांबलेला असताना गुन्हा झाला तर माणूस बाहेर जातो, पण खेळ जिथून सुरू व्हायचा तिथूनच सुरू होतो. हे प्रेक्षकांना समजावता येत नाही. एक चप्पल माझ्या पाठीला लागली. कंपनीच्या एका डिफेंडरने तानाजीची जर्सी चढवली आणि उरलेला खेळ कसाबसा पार पडला. कंपनी हरली.

ऐंशीच्या दशकातल्या गमती लोक मला अजून विचारतात. कंपन्यांच्या टीमा, नोकरीवर ठेवलेले खेळाडू, भरलेली मैदानं. मी सांगतो. एकदा बॉल कुंपणावरून उडून खनिजाच्या चालत्या ट्रकमध्ये पडला आणि ट्रक तो घेऊन सरळ धक्क्यावर गेला. दुसरा बॉल आणेपर्यंत बावीस खेळाडू गवतावर बसून होते. एकदा पांढऱ्या जर्सीची टीम हाफ टाइमपर्यंत धुळीने इतकी लाल झाली की लाल जर्सीवाले त्यांनाच पास देऊ लागले. मी पांढऱ्यांना शर्ट उलटे घालून यायला लावलं. असल्या गोष्टींवर लोक हसतात. तानाजीची गोष्ट मात्र मी सांगत नसे, कारण ती माझ्या घरातून जाते. आता घरात मी एकटाच आहे, तेव्हा सांगायला हरकत नाही.

मॅच संपल्यावर कंपनीचे स्पोर्ट्स ऑफिसर कामत माझ्याजवळ आले. सज्जन माणूस. खेळाडूंच्या कारापूरच्या खोल्यांवर स्वतः जाऊन त्यांची जेवणं बघायचे.

"सर, रिपोर्टात काय लिहिणार?"

"जे झालं ते."

"व्हायलंट कंडक्ट लिहिलंत तर कमिटी त्याला सीझनभर बसवणार. तो प्रोबेशनवर आहे. न खेळणारा गोलकीपर मॅनेजमेंट ठेवून घेणार नाही. इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला होता, ते सोडून आलाय."

व्हायलंट कंडक्ट म्हणजे मारहाण. हा शब्द रिपोर्टात आला की कमिटीच्या हातात फारसं काही राहत नाही. एकच पळवाट असते, समोरच्याने आधी डिवचलं असेल तर.

"तुम्ही एवढंच लिहा," कामत म्हणाले, "की शिवी ऐकली. दोन-तीन मॅचवर भागेल."

"मी ऐकली नाही."

"त्याने ऐकली ना?"

"कामत, मी तिथे उभा होतो. शांबा बॉल मागत होता. दुसरं एक अक्षर बोलला नाही."

 जाता जाता कामत एवढंच म्हणाले, "पोरगा खोटं बोलणारा नाही हो."

मलाही तसंच वाटत होतं, आणि तीच अडचण होती. माझे कान चांगले होते. नोकरी हायस्कुलात मराठी शिकवण्याची. शब्द ऐकणं हाच माझा आठवडाभरचा धंदा.

घरी पोचलो तेव्हा सुमन, माझी बायको, सुपात तांदूळ निवडत होती. ती निपाणीची. मी पेडण्याचा. लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मॅचनंतर मी गप्प असलो की काहीतरी बिनसलंय हे तिला कळायचं आणि ती लहान लहान प्रश्न विचारत राहायची.

"मारलं म्हणजे किती जोरात मारलं?"

"नाक फुटलं."

"आणि म्हणतो काय पोरगं?"

"शांबाने कुत्रा म्हटलं म्हणतो. कोणी म्हटलं नाही."

"मग तो शांबा गप्प होता?"

"गप्प कशाला? बॉल मागत होता. हाड, हाड करून."

तिचा हात सुपातच थांबला. "हाड?"

"हाड म्हणजे आण गो."

"ते मला नका शिकवू. ते शिकायला मला एक अख्खा दिवस उपाशी राहावं लागलंय."

मग मला आठवलं. लग्नानंतरचा पहिलाच आठवडा. मी ओसरीवर वाचत बसलो होतो. ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. मी पुस्तकातून डोकं न काढता हात पुढे केला आणि म्हणालो, "हाड, हाड." आमच्याकडे पाणी असंच मागतात. ती तांब्या तिथेच ठेवून आत गेली. दुपारी जेवली नाही, रात्री जेवली नाही. शेवटी माझ्या आईने जवळ घेऊन विचारलं तेव्हा म्हणाली, "मला कुत्र्यागत हाकललं त्यांनी." घाटावर दारात आलेल्या कुत्र्याला "हाड" म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुस्तकांत किती वेळा वाचलं होतं. पण माझ्या स्वतःच्या तोंडातला शब्द मला कधी तसा ऐकूच आला नव्हता.

सुमनने सूप पुन्हा हलवायला घेतलं. "पोरगं कधी आलंय गोव्यात?"

"महिना झाला असेल."

"मग त्याला कोण सांगणार? मला सासूबाई तरी होत्या."

रिपोर्टात मी व्हायलंट कंडक्ट लिहिलं. शिवी ऐकली नाही, हेही लिहिलं. आणि सुनावणीला हजर राहण्याची परवानगी मागितली. रेफरी सहसा ती मागत नाही.

सुनावणी म्हापशाला झाली. ते दिवस राजभाषेच्या आंदोलनाचे. कोकणी की मराठी यावरून घराघरांत भांडणं होती, रस्त्यांवर दगड पडत होते, डिचोलीहून म्हापशाला जाणारी बस कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. कमिटीचे अध्यक्ष वकील होते, पक्के कोकणीवाले. उरलेल्या दोघांपैकी एक तितकाच पक्का मराठीवाला. दोघे शेजारी बसले होते आणि एकमेकांशी इंग्रजीत बोलत होते.

नाकावर पट्टी लावून शांबा आला होता. अध्यक्षांनी त्यालाच आधी विचारलं, "तू त्याला कुत्रो म्हटलंस?"

"मी तेका काय एक म्हणूक नाय, सायबानूं. मी बॉल मागी होतंय."

"खोटं बोलतोय," तानाजी म्हणाला.

"खोटां कित्याक बोलू? तू घाटावरचो म्हणून माका राग आसा, असां वाटता तुका? अरे, मी मराठीवालो. मोर्च्याक गेल्लंय मी."

मराठीवाल्या सभासदाने मान हलवली. अध्यक्षांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खोली तापायला एवढं पुरे होतं. मी म्हणालो, "अध्यक्ष, मला शांबाला एक विचारायचंय." त्यांनी हाताने विचारा अशी खूण केली.

"शांबा, कॉर्नरच्या वेळी तू काय ओरडत होतास? जसंच्या तसं सांग."

"हाड, हाड म्हणी होतंय. आणि काय म्हणतलंय?"

तानाजी खुर्ची सरकवून उभा राहिला. "बघा. आत्ता तुमच्यासमोर म्हणाला."

अध्यक्षांना काही कळेना. "कितें जालें? ताणें कितें म्हणलें?"

मी तानाजीला खाली बसायला सांगितलं. "गडहिंग्लजला हाड कोणाला म्हणतात, तानाजी?"

"कुत्र्याला. आणखी कुणाला म्हणणार?"

"आणि शांबा, तू घरी कोणाला म्हणतोस?"

शांबा गोंधळला. त्याला वाटलं, मी त्याला कशात तरी अडकवतोय. तरी म्हणाला, "आवशीक. पेज हाड म्हणतंय."

आवशीक म्हणजे आईला. एवढं तानाजीला कळलं असावं. त्याने शांबाच्या नाकावरच्या पट्टीकडे पाहिलं, मग दाराकडे. मराठीवाला सभासद आधी हसला. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी चष्मा परत लावला आणि माझा रिपोर्ट पुढे ओढला.

"रेड कार्डाचं काय, सर?" त्यांनी मला विचारलं.

"रेड कार्ड बरोबर आहे. ठोसा दोन्ही भाषांत ठोसाच. पण त्याने खोटं सांगितलं नाही आणि याने शिवी दिली नाही."

त्यांनी तानाजीला दोन मॅच बसवलं. मिनिट्स लिहिणाऱ्या क्लार्कने विचारलं, गैरसमज असं लिहू का? अध्यक्ष म्हणाले, "लिही. खंयच्या भाशेंतलो तें बरोवं नाका. भायर पेटलां तें पुरो." कोणत्या भाषेतला ते लिहू नको, बाहेर पेटलंय तेवढं बस्स. मराठीवाल्या सभासदाने लगेच अनुमोदन दिलं. त्या वर्षात त्या दोघांचं एकमत झालेलं मला तरी दुसरं आठवत नाही.

जिन्यात कामतांनी माझा हात धरून दाबला. खाली फुटपाथवर ते दोघे खेळाडू उभे होते. तानाजी माफी कशी मागावी या विवंचनेत असावा. शांबानेच सुरुवात केली.

"आता तुझ्यापुढे बॉल मागूचो कसो, तां सांग."

"माग की," तानाजी म्हणाला. "फक्त माझ्याकडं पाठ करून नको मागू."

तानाजीची नोकरी टिकली. पुढे तो बरीच वर्षं खेळला, इथेच स्थायिक झाला. त्याच सीझनच्या शेवटी मी त्याची एक मॅच केली. कॉर्नरला तो आपल्याच डिफेंडरवर ओरडत होता, "आतमदी हाड रे त्याला, आतमदी हाड." व्याकरण कुठल्याच भाषेचं नव्हतं. डिफेंडरला बरोबर कळलं.

नव्या रेफरींना शिकवताना मी नियमांबरोबर एक गोष्ट सांगत असे. खेळाडू शिवीची तक्रार घेऊन आला तर काय म्हटलं गेलं एवढंच विचारू नका. त्याला काय ऐकू आलं ते विचारा. आणि म्हणणारा तेव्हा कुठे तोंड करून उभा होता तेही बघा.

हा तिसरा प्रश्न माझा नाही. मॅचच्या त्या रात्री जेवताना सुमन म्हणाली होती, "शब्दाचं काही नव्हतं हो. तुम्ही पुस्तकातनं डोकं वर काढलं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं." त्यानंतर पाणी मागताना मी पुस्तक मिटायला लागलो.

गेल्या वर्षी ती गेली. वाचता वाचता तहान लागते तेव्हा अजूनही पुस्तक मिटतो. मग उठतो, आणि स्वतःच हाडतो.