डाव्या बाजूचं पुढचं चाक

आमच्या गाडीचं डाव्या बाजूचं पुढचं चाक मी काढलं. हे वाक्य आधीच लिहून ठेवते, कारण हल्ली घरात ही गोष्ट निघाली की सगळे "चाक निघालं" असं म्हणतात. अडकलेलं चाक आपण होऊन निघत नसतं. ते मी काढलं.

चार माणसांत बोलायची वेळ आली की माझा आवाज फुटत नाही. कुणी चुकीचं सांगत असलं तरी ऐकून घेते आणि चहा ठेवायला आत जाते. शाळा चौथीपर्यंत झाली. लिहिताना मात्र मध्ये कुणी बोलत नाही, म्हणून ब्लाउजची मापं लिहायच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहिते आहे.

ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन अक्षय्य तृतीयेच्या सुमारास झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हापासून आमची जुनी पांढरी गाडी इमारतीच्या मागे, उसाच्या शेताच्या कुंपणाला लागून उघड्यावर उभी होती. आमच्या मांजरी गावचा अख्खा पावसाळा तिने अंगावर घेतला. दर चार दिवसांनी खाली जाऊन इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचं एवढं काम हे माझ्याकडून करून घ्यायचे, बॅटरी उतरू नये म्हणून. श्रावणात केव्हातरी त्या एका चाकातली हवा गेली आणि गाडी त्या बाजूला कलली.

दर मंगळवारी ह्यांना व्यायामासाठी हडपसरच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. रिक्षात एकेका खड्ड्याला ह्यांचे डोळे मिटायचे. म्हणून ह्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे भाऊजी, त्यांच्या गाडीतून नेऊ लागले. नेत होते हे खरं आहे, नाकारणार नाही. पण प्रत्येक मंगळवारी दार उघडताच पहिलं वाक्य ठरलेलं असायचं.

"वहिनी, चपला झटकून बसा. कालच गाडी धुतलीय."

मग दुसरं: "दादा, माझं ऑफिसचं काम सोडून आलोय हं." आणि ह्यांना पायऱ्या उतरायला उशीर झाला की हॉर्न. तो हॉर्न ऐकला की ह्यांचा हात कठड्यावर घट्ट व्हायचा. मी मागच्या सीटवर पाय जेमतेम टेकवून बसायचे.

आमच्या कपाटात साड्यांच्या खाली माझं गाडीचं लायसन्स आहे. आठ वर्षांपूर्वी ह्यांनीच मला मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये घातलं होतं. खुणा पाठ केल्या, परीक्षा मराठीत दिली, पहिल्या झटक्यात पास झाले. मग एकदा सोलापूर रस्त्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली. मागून इतके हॉर्न वाजले, एक जण काच खाली करून इतकं बोलला, की मी पुन्हा गाडी रस्त्यावर नेली नाही. पण मंगळवारच्या मागच्या सीटवर मला ते लायसन्स दरवेळी आठवायचं. आपल्या माणसाला आपल्या गाडीतून न्यावं आणि चपला न झटकता बसावं, इतकंच मला हवं होतं. कुणाला बोलले मात्र नव्हते.

भाद्रपदातल्या एका शनिवारी ह्यांनी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलावलं. त्याने स्टेपनीत हवा भरून दिली, नट सोडवले, जॅक लावला आणि चाक ओढलं. चाक जागचं हललं नाही. त्याने लाथा घातल्या, हातोडा मारला. मग घाम पुसत म्हणाला, "हे जाम बसलंय काका. गाडी उचलून गॅरेजला न्या." नट पुन्हा आवळून, सामान गोळा करून तो गेला.

नेमके तेव्हाच भाऊजी आले होते. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी निकाल दिला.

"गॅरेजला कशाला? भंगारात द्या. माझ्या ओळखीचा माणूस आहे. सोमवारी सकाळी घेऊन येतो."

"अरे, पितृपक्ष चालू आहे," हे म्हणाले.

"नवीन घ्यायला मुहूर्त लागतो, दादा. भंगारात द्यायला नाही." मग माझ्याकडे बघून हसले. "आणि तशीही चालवणार कोण? वहिनी?"

मी आत गेले आणि चहा ठेवला. पण त्या दिवशी चहा उतू जाईपर्यंत मी नुसती उभी राहिले. गाडी गेली की मंगळवार कायमचे त्यांच्या हातात जाणार होते.

रविवारी जेवणं उरकल्यावर मी ह्यांना म्हणाले, "पाना कुठे आहे?"

"कसला पाना?"

"चाकाचा."

पुढे काही न विचारता हे म्हणाले, "डिकीत. जॅकखाली. आणि आधी मागच्या चाकांना विटा लाव."

मी खाली प्लास्टिकची खुर्ची ठेवली, ह्यांना धरून आणून बसवलं. हे सांगत गेले, मी करत गेले. गाडी जमिनीवर असतानाच चारही नट थोडे सैल केले. पंक्चरवाल्याने जोर लावून आवळले होते, म्हणून पान्यावर उभी राहिले. साडी खोचून पान्यावर उभी असलेली मी, आणि वर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पेपर घेऊन बसलेले काका. रिटायर्ड आहेत. त्यांचं लक्ष पेपरात कमी आणि खाली जास्त असतं.

"काय ताई, रविवारचं महिला गॅरेज उघडलंय वाटतं?"

माझा चेहरा तापला, पण पाय पान्यावरून काढला नाही.

जॅकवर गाडी उचलली. "स्टेपनी गाडीखाली आडवी सरकव," हे म्हणाले. "जॅक घसरला तर गाडी तिच्यावर बसेल, तुझ्यावर नाही." नट काढून वाटीत ठेवले. चाक दोन्ही हातांनी धरून ओढलं. भिंत ओढावी तसं वाटलं. धुणं बडवायचं धोपाटणं आणून टायरवर आतून आणि बाहेरून मारलं. नुसता आवाज.

"ताई, चाक काढताय की धुताय?" वरून काका.

तेव्हा मी बडवणं थांबवलं आणि खाली बसून त्या चाकाकडे नीट बघितलं. शिलाई मशीनचा स्क्रू अडकला की मी त्याला मारत नाही. तो कशाने धरलाय ते आधी बघते. इथेही बघितलं. चाकाच्या मधोमध जिथे ते गाडीला टेकतं, तिथे फट दिसायला हवी होती. फटीच्या जागी चंदेरी रंग होता. जाड, गुळगुळीत, थरावर थर.

तो रंग ह्यांचा. दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हे ब्रश घेऊन चारही चाकं रंगवायचे, गाडी कशी नव्यासारखी दिसते म्हणून. चाकं न काढता. रंग फटीत उतरत गेला आणि दरवर्षी एक थर वाढला.

पण मग बाकीच्या चाकांनाही रंग होताच की. उजवीकडचं आणि मागची दोन पंक्चरवाल्याने उन्हाळ्याच्या आधी सहज काढली होती. हेच एक का? मी नखाने रंग खरवडला. खालून गंज आला, आणि गंजात नारळाच्या शेंडीचे दोन-तीन धागे.

खंडेनवमीला गाडीची पूजा मी करते. घराकडचं म्हणून हेच चाक. त्याला हळदीकुंकू लावायचं, नारळ त्याच्या शेजारी फोडायचा आणि पाणी त्याच्यावरच ओतायचं. कधी ते धुतलं नाही. पूजेचं पाणी धुवून कसं टाकायचं? इतक्या वर्षांचं नारळाचं पाणी आत मुरलं होतं, आणि वरून ह्यांनी रंगाने झाकण लावलं होतं.

"अहो," मी म्हणाले, "हे चाक आपण दोघांनी मिळून बसवलंय."

मी दाखवलं तेव्हा हे इतके हसले की पाठ धरावी लागली.

मी वर जाऊन मशीनवरचं अर्धं ब्लेड आणि तेलाची बुधली आणली. ब्लेडने शिवण उसवतात तसा तो रंग उसवत गेले, गोल, सावकाश, कुठेही न ओढता. साऱ्या कडेने फट मोकळी झाल्यावर बुधलीच्या टोकाने थेंब थेंब तेल सोडलं. मशीनचं तेल पातळ असतं, ते आपलं आपण आत शिरतं. त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. मी वर जाऊन एका ब्लाउजला हुक लावले आणि पुन्हा खाली येऊन तेल सोडलं. असं तीनदा केलं.

ऊन कुंपणाकडे कललं तेव्हा पुन्हा धोपाटणं घेतलं. चाक किंचित कुरकुरलं. निघालं नाही.

"एक उपाय आहे," हे म्हणाले. "नट परत लावायचे, पण अर्धा आटा ढिले. गाडी खाली घ्यायची आणि हातभर पुढे, हातभर मागे न्यायची. दरवेळी ब्रेक जोरात मारायचा. गाडीचं वजनच त्याला सोडवतं. पण..."

त्यांचा एक हात कमरेच्या पट्ट्यावर होता.

रविवारची संध्याकाळ. मागच्या जागेत मुलं क्रिकेट खेळत होती, दोन बायका भाजी निवडत बसल्या होत्या, वर काका होते. सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. मी नट लावले, स्टेपनी बाहेर ओढली, गाडी खाली घेतली, जॅक आणि विटा काढल्या, मुलांना लांब भिंतीपाशी उभं केलं. आणि उजव्या बाजूचं दार उघडून बसले. आठ वर्षांपूर्वीचा सिग्नल जसाच्या तसा समोर आला.

क्लच सोडला. गाडी आचका देऊन बंद पडली. मुलं खिदळली.

"झालं!" काका वरून म्हणाले. "आता गाडीलाही कळलं कोण बसलंय."

मी काच खाली केली. का ते मलाही माहीत नाही. मान बाहेर काढून वर बघितलं आणि म्हणाले, "काका, तुम्ही पेपर वाचा."

माझ्या तोंडून एवढं मोठ्याने वाक्य बाहेर आलेलं त्या इमारतीत कुणी ऐकलं नव्हतं. मीही नाही. भाजी निवडणाऱ्या बायकांपैकी एक हसली. काकांनी खरंच पेपर वर धरला.

परत किल्ली फिरवली. हातभर पुढे, ब्रेक. मागे, ब्रेक. पुढे, ब्रेक. तिसऱ्यांदा मागे घेताना खालून आवाज आला. दणका नव्हता, सुपारी फुटावी तसा कोरडा, बारीक आवाज. ह्यांनी खुर्चीतूनच हात वर केला. "सुटलं! थांब, हलवू नकोस!"

विटा, जॅक, गाडीखाली स्टेपनी, सगळं पुन्हा पहिल्यापासून. नट काढले आणि चाक माझ्या हातात आलं. एवढं जड की मी त्याच्यासकट मागे बसले. आतली बाजू तांबडी होती आणि मध्ये हळदीचा एक पिवळा डाग अजून तसाच होता. तारेच्या घासणीने गंज घासला, तेलाचा हात दिला, पंक्चर चाक गाडीखाली सारून स्टेपनी बाहेर काढली, बसवली आणि नट समोरासमोरचे आवळले. हात कोपरापर्यंत काळे झाले होते. ते मी लगेच धुतले नाहीत.

सोमवारी सकाळी भाऊजी भंगारवाल्याला घेऊन आले. गाडी चार पायांवर सरळ उभी होती. काढलेलं चाक भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

"हे कुणी काढलं?" भाऊजींनी ह्यांना विचारलं.

"मला काय विचारतोस? मला वाकता येत नाही."

मग भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. एरवी मी इथेच चहा ठेवायला गेले असते.

"मी," मी म्हणाले.

"बरं, निघालं असेल. पण वहिनी, गाडी नुसती उभी करून काय पूजा करणार? चालवायला माणूस लागतो."

मी पर्समधून लायसन्स काढून त्यांच्या हातात दिलं. आदल्या दिवशीच साड्यांखालून काढून ठेवलं होतं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, मुदत बघितली. भंगारवाला शहाणा माणूस. तो म्हणाला, "साहेब, चालू गाडी आहे ही. मला कशाला बोलावलंत?" आणि गेटकडे चालू लागला.

"उद्या दहाला येतो मग," भाऊजी लायसन्स परत देत म्हणाले.

"नको," मी म्हणाले. पुढचं वाक्य रात्रभर जुळवलं होतं, पण त्याची गरज पडली नाही.

मंगळवारी मी ह्यांना घेऊन निघाले. हडपसरला पोहोचेपर्यंत गाडी दोनदा बंद पडली, एकदा उड्डाणपुलाच्या अलीकडे, ऐन गर्दीत. मागून हॉर्न वाजले. वाजू दिले. किल्ली फिरवली, पुढे गेले. खड्डा आला की मी इतकी हळू व्हायचे की मागचे वैतागून बाजूने गाडी काढायचे. ह्यांनी वाटेत एकदाही डोळे मिटले नाहीत. दवाखान्यापाशी उतरताना म्हणाले, "रिव्हर्स लावताना आरशात बघत जा." एवढंच.

खंडेनवमीला जाऊबाई आल्या होत्या. मी हळदीकुंकू बॉनेटला लावलं, हार घातला, नारळ बाजूच्या दगडावर फोडला आणि पाणी तांब्यात घेतलं. ह्या वर्षी रंगाचा डबा मी आणू दिला नव्हता.

"अगंबाई, चाकाची पूजा राहिली की!" जाऊबाई म्हणाल्या.

"झालीय," मी म्हणाले. "सकाळीच चारही चाकं काढून आतून ग्रीस लावलंय."

त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या. नखांत काळं होतंच. त्याच हातांनी मी त्यांना खोबरं दिलं.