चढावर बाबांना उतरवलं

मंडळी, कॅम्पग्राउंडच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून लिहितेय. दुपारपासून डोकं फिरलंय.

माझ्या नवऱ्याने, समीरने, आमच्या जुन्या पिकअपला मित्राचा अवजड कॅम्पर, म्हणजे मागे ओढायचं चाकांवरचं घर, जोडला होता. कोलोरॅडोच्या चढावर इंजिन तापलं. गाडी थांबवून तो मागे बसलेल्या माझ्या सासऱ्यांना म्हणाला, "बाबा, उतरा. वजन कमी होईल. वर चालत या."

"अरे, कॅम्परची पाण्याची टाकी रिकामी कर ना!" मी ओरडले.

"मग अंघोळ कशाने करायची?"

बाबा निमूट उतरले. मीही उतरले. भर उन्हात धापा टाकत ते मलाच समजावत होते, "गाडी जुनी आहे गं, त्याचा नाइलाज झाला."

वर समीर बिअर पीत बसला होता. "काय यार, किती उशीर!"

बाबा त्याला "सॉरी" म्हणाले.

मला सांगा, आज रात्री मी या माणसाला जेवायला वाढू?