खांबाला कान लावलेली गवळण

शांतम्मा, तू हे वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे. चष्मा सापडत नाही म्हणशील, तो डोक्यावर असेल. तर शिवांगीकडून वाचून घे. मी तुझ्याबद्दल लिहिते आहे आणि तुला न विचारता लिहिते आहे. विचारलं असतं तर "माझ्यात काय हाय बाई लिव्हण्यासारखं" म्हणाली असतीस, आणि मला तुझी समजूत काढत बसावं लागलं असतं. माझ्या वयात समजुती काढायला वेळ नसतो. तुझ्या अंगणात दोन दिवाळ्यांमागं जे पाहिलं ते मला अजून पुरतं झेपलेलं नाही. एवढी पुस्तकं वाचली, पोरींना वर्षानुवर्षं शिकवलं, पण तसं काही कुठं भेटलं नाही. आता तुझ्याशी बोलणं थांबवते आणि तुझ्याविषयी बोलते. चुकलं असेल तर वर माझ्याकडे येऊन भांड.

तर ही शांतम्मा. माहेर निलंग्याकडचं, सासर लातूरचं. गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत तिचा नवरा संगप्पा याचं खेळण्यांचं दुकान आहे. दुकान पुढे, घर मागे, मध्ये फरशी न घातलेलं छोटंसं अंगण. दुकानाच्या उजव्या भिंतीला ट्रक, क्रेन, विमानं आणि ठोकळ्यांची खोकी. डाव्या भिंतीला भातुकली, बाहुल्या, गुलाबी मिक्सर. गिऱ्हाईक पायरी चढलं की संगप्पा आधी विचारतो, "पोरगं का पोरगी?" आणि उत्तराप्रमाणे त्याचा हात उजवीकडे नाही तर डावीकडे जातो. संगप्पा जेवायला गेला की गल्ल्यावर शांतम्मा बसायची आणि तीही तेच विचारायची. त्यात काही विचारण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं.

मुलगा मृत्युंजय दुकानातच असतो. सून मंजुश्री भोकरची, स्थापत्याचा डिप्लोमा केलेली. लग्नाच्या वेळी डिप्लोमाचं कौतुक झालं, सगळ्यांचंच होतं. पण मंजुश्रीने तो कपाटात ठेवला नाही. एका ठेकेदाराकडे नोकरी धरली आणि लोह्याच्या बाजूला नदीवर पूल बांधत होते त्या कामावर गेली. सोमवारी पहाटेची एसटी, शनिवारी रात्री परत. नात शिवांगी, वय आठ, अज्जीजवळ.

शेजारणी विचारत, "सून काय करती वो?"

"पुलावर हाय," शांतम्मा सांगायची. "कामाला."

यापुढे तिला सांगता येत नव्हतं, कारण यापुढे तिला माहीत नव्हतं. सून शनिवारी यायची ती पायांवरची सिमेंटची भुकटी धुऊन स्वयंपाकाला लागायची. शांतम्मा तिला विचारायची ते जेवलीस का, खोलीवर पाणी येतं का, एवढंच. वाईट सासू नव्हती. पण कामाविषयी म्हणून सुनेला काही विचारायचं असतं हे तिच्या गावी नव्हतं.

त्या दिवाळीआधी ठोकळ्यांचं एक मोठं खोकं वाटेत चेपून आलं. चेपलेलं खोकं गिऱ्हाईक घेत नाही म्हणून संगप्पाने ते नातीला दिलं. उजव्या भिंतीवरचं पहिलं खोकं त्या घरातल्या पोरीच्या हाती आलं ते असं. शिवांगी त्यातून पूल बांधायला बसली. आईचा पूल. खांब उभे केले, वर फळ्या टाकल्या, क्रेन लावली. मग माणसं काढली. बोटाएवढी प्लास्टिकची माणसं. हेल्मेटवाला, क्रेनवाला, फावडंवाला, पोलीस, ड्रायव्हर. सगळे पुरुष. बाया दोन निघाल्या. एकीच्या हातात पिशवी, दुसरीच्या हातात आइस्क्रीम.

पोरीने युक्ती केली. आइस्क्रीमवालीचे केस निघत होते, ते उपटून तिच्या डोक्यावर हेल्मेट बसवलं आणि तिला पुलावर उभी केली. पण आइस्क्रीम काही हातातून निघेना. ते हाताबरोबरच ओतलेलं.

शेजारचा शिवांश खेळायला आला होता. बघून खो-खो हसला. "हेल्मेट घालून आइस्क्रीम विकून राहिली! ए शिवांगे, तुझी आई पुलावर गाडा लावती का?"

"माझी आई पूल बांधती."

"बांधती म्हणे! बांधती तर खोक्यात कशी न्हाई मग? खोक्यात सगळे हायत."

शिवांगीने खोक्यावरचं चित्र पुन्हा निरखून पाहिलं. छापलेल्या खोक्याचा तिच्या आईपेक्षा जास्त भरवसा वाटावा, असंच ते वय असतं.

संध्याकाळी मंजुश्रीचा फोन आला तेव्हा शिवांगी फोनवर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जेवताना भाकरीचा तुकडा बोटांत चुरत तिने विचारलं, "अज्जी, खरं सांग. आई तिथं सायबांना चहा करून देती का?"

"गप गं! काय बी बोलती." शांतम्मा म्हणाली खरी, पण पुढे "आई तिथं अमुक करती" असं म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडात शब्दच नव्हता. पोर तिच्याकडे बघत राहिली. पोरीचा आईवरचा विश्वास आपल्या डोळ्यांदेखत उसवत चालला आहे आणि तो शिवायला आपल्याजवळ दोराच नाही, हे तिला त्या पाटावर कळलं. पाडव्याला मंजुश्री घरी येणार होती. शिवांगीने सांगून टाकलं होतं, "मी न्हाई बोलणार तिच्यासंगं. ती खोटं सांगती."

वसुबारस आली. आमच्याकडे या दिवसांत अंगणात शेणाच्या गवळणी करतात. शेणाच्या बोटभर भिंती घालून वाडा, त्यात चूल, जातं, विहीर, गोठा, आणि घरभर कामाला लागलेल्या शेणाच्या बाया. कुणी ताक घुसळते, कुणी दळते, कुणी डोक्यावर घागर घेऊन निघालेली. डोळ्यांना ज्वारीचे दाणे, डोक्यावर झेंडूची पाकळी. शांतम्माच्या गवळणी बघायला अख्खी गल्ली यायची. तिची पद्धत सगळ्यांपेक्षा उलटी होती. इतर बाया आधी भिंती घालून खोल्या पाडत आणि मग त्यांत गवळणी बसवत. शांतम्मा आधी बाई करायची. दळणारी बाई बसली की तिच्याभोवती भिंत. घुसळणारी उभी राहिली की तिच्या हाताला दोरी पुरेल एवढी जागा सोडून दुसरी भिंत. बाई काय करते त्यावरून घर ठरायचं.

दूधवाल्याने शेण आणून टाकलं. शांतम्माने ते मळलं, त्यात थोडी राख घातली आणि पहिला गोळा हातात घेतल्यावर तिच्या मनात आलं, मंजूची गवळण करावी. पोरीच्या प्लास्टिकच्या पुलावर उभी करावी.

धड झालं. मान झाली. पदराचा काठ चिमटीने ओढला, मग सून तिथे पँट-शर्ट घालते हे आठवून तो पुसून टाकला. आणि हातांपाशी येऊन गाडं अडलं. गवळण ओळखायची ती हातांवरून. रवीवर हात असेल तर घुसळणारी, जात्याच्या खुंट्यावर असेल तर दळणारी. या बाईचे हात कुठे आहेत? शेणाच्या दोन वळकट्या बोटांत धरून शांतम्मा तशीच बसून राहिली. मग तिने तसल्याच हातांनी फोन उचलला. संगप्पा ओरडला, "अगं ए, शेण लागलं त्याला!" तिने ऐकलं नाही.

"मंजू, एक सांग. तू तिथं हात कुठं ठिवतीस?"

"आँ? आत्या, काय झालं? कुणाला लागलं का?"

"कुणाला न्हाई लागलं. गवळण करून राहिले. तुझी. हात कसे करू सांग."

पलीकडे यंत्रांचा धडधडाट होता. मग मंजुश्री म्हणाली, "थांबा आत्या, बाजूला येते." आणि आवाज मागे पडल्यावर तिने सांगितलं. लग्न झाल्यापासून ज्या घरात तिला कुणी हे विचारलं नव्हतं, त्या घराला सांगितलं.

"खांब ओतला ना आत्या, की साच्याच्या पाट्या काढल्यावर मी खाली उतरते. हातात बारकी हातोडी असती. सगळीकडून खांब वाजवते. कान लावून."

"माठ घेताना वाजवतो तसा?"

"तसाच. भरीव असला की खणकन बोलतो. आत पोकळ राहिलं असलं की बद्द वाजतो."

"आन् बद्द वाजला तर?"

"तर मी काम थांबवते."

"तू थांबवतीस?"

"हाव."

"आन् ती गडीमाणसं? क्रेनवाला, ठेकेदार?"

"ते बी थांबतात. कुरकुर करतात, शिव्या घालतात मनातल्या मनात. पण थांबतात. मी सही करेपर्यंत वरची फळी चढत न्हाई."

पुढे मला सांगताना शांतम्मा म्हणाली, "बाई, माझ्या अंगावर काटाच आला. माझ्या घरी पोळ्या लाटून राहिली ती पोरगी, आन् तिच्या कानावर येवढा पूल उभा हाय!"

फोन ठेवण्याआधी तिने एवढंच विचारलं, "हेल्मेट कोणत्या रंगाचं?"

"माझं पांढरं. पिवळं मजुरांचं."

मग शांतम्माचे हात चालू लागले. तिने बाईला कमरेत वाकवली. उजवा कान शेणाचा न करता चिंचोक्याच्या सालीचा बसवला, मोठा, दिसेल असा, आणि तो प्लास्टिकच्या खांबाला टेकवला. एक हात खांबावर सपाट. दुसऱ्या हातात लवंग. लवंगेएवढी हुबेहूब हातोडी कुठल्या कारखान्याने केली असेल तर दाखवा मला. डोक्यावर पांढरं हेल्मेट म्हणून बत्तासा. त्याला दुपारीच मुंग्या लागल्या, मग तिने खडूची पूड लावून शेणाचंच हेल्मेट केलं. आणि मग, रोजच्या रीतीने, त्या बाईपासून पुढे बांधकाम सुरू केलं. बाईला उतरायला उतार हवा, म्हणून नदीचा काठ. उभं राहायला जागा हवी, म्हणून कोरडं पात्र. क्रेन तिच्यामागे सरकवली. प्लास्टिकची हेल्मेटवाली माणसं उचलून सगळी वर पुलावर ओळीने उभी केली, खाली बघत. थांबलेली.

मी वरच्या मजल्यावर राहते. खाली उतरले ते दूध आणायला, आणि पातेलं हातात घेऊन तिथेच उभी राहिले. वीतभर शेणाची बाई. तोंड धड दिसत नव्हतं, ते खांबाकडे होतं. पण ती ऐकते आहे याविषयी शंकाच नव्हती. अंगणात गल्लीतल्या चार बाया आल्या होत्या, त्याही कुजबुजत बोलू लागल्या, जशा काही त्या बाईला ऐकायला अडथळा होईल.

कोपऱ्यावरच्या सिंधुबाईंनी शेवटी विचारलं, "ही काय ऐकून राहिली गं?"

"पूल," शांतम्मा म्हणाली.

सिंधुबाई वाकल्या. बाकीच्या गवळणींना लावतात तसं तिलाही हळदीकुंकू लावलं आणि दोन पावलं मागे सरल्या.

शाळेतल्या किल्ल्याचं काम आटोपून शिवांगी आली. दप्तर पाठीवर तसंच. तिने गवळण पाहिली. मग वर ओळीने उभे असलेले पुरुष पाहिले. अज्जीने तिला हातोडीचं सांगितलं, बद्द आणि खणकनचं सांगितलं, सही होईपर्यंत फळी चढत नाही तेही सांगितलं. पोरीने डब्यातून दुसरी लवंग आणली, पालथी पडली, आणि आपल्या पुलाचा एकेक खांब वाजवून, कान लावून पाहिला. प्लास्टिकच तो. सगळेच बद्द वाजले असणार. पण ती फार वेळ पडून होती आणि कुणी तिला उठवलं नाही.

संध्याकाळी फोन वाजला. तिने धावत जाऊन घेतला. 'कशी आहेस' नाही, 'कधी येतेस' नाही. पहिलाच प्रश्न: "आई, आज कुणाला थांबवलंस का?"

पलीकडे मंजुश्री हसली की रडली, फोन शिवांगीच्या कानाला असल्याने सांगता येत नाही.

पाडव्याला मंजुश्री आली. पिशवी खाली न ठेवताच अंगणात उकिडवी बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आत्या, मी डावा कान लावते."

"मग आधी सांगायचं न्हाई का?" शांतम्मा कडाडली. "आता वाळली ती! मान फिरवली तर मोडंल."

संगप्पा दुकानातून डोकावला. "ठोकळ्यांना शेण फासलं, आता ते धुवायचं कुणी?" तो परत गेला आणि पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "बोला. पोरगं का पोरगी?" माणसं एका दिवाळीत बदलतात असं मी म्हणणार नाही. पण आतून शिवांगी ओरडली, "अज्जा, आधी काय बांधायचं ते विचार की त्यांना!" आणि गिऱ्हाईक हसलं.

त्याच संध्याकाळी, भांडी घासताना, शांतम्माने सुनेला हळूच विचारलं, "मला ऐकू येईल का गं ते? खणकन?"

"का न्हाई येणार? या ना आत्या. हातोडी तुमच्याच हातात देते. पण पावसाळ्याच्या आत या. नंतर खांबांना पाणी लागंल."

तू माझ्याकडे वर आलीस, शांतम्मा, आणि म्हणालीस, "बाई, तुमी चला संगं. एकलीला नदीत उतरायची भीती वाटती." मी लगेच हो म्हटलं. सकाळच्या एसटीने जायचं, भाकरी बांधून न्यायची, संध्याकाळी परत, असं ठरलं. मग संक्रांतीनंतर म्हणालीस. मग संगप्पाचा मोतीबिंदू निघाला. मग माझा गुडघा. मग पुलावरून गाड्या सुरू झाल्या आणि मंजुश्रीची बदली पुढच्या पुलावर झाली. ती म्हणते, उन्हाळ्यात पाणी ओसरतं, जुन्या पुलाच्या खांबांपर्यंत अजून चालत जाता येतं. दोन उन्हाळे गेले. तू नि मी अजून गेलो नाही.