टाचेने घेतलेल्या ऑर्डरी

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्यासाठी आधीच माफी मागते. अक्षरही गिचमिड आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि पुढे पेन हातात आलं ते सहीपुरतंच. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण चुकून कुणाच्या हाती लागलं तर हसू नये. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी पुटपुटते, कुणाला ऐकूही जात नाही. लिहिताना तसं होत नाही.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये शर्टाच्या कारखान्यात मी बरीच वर्षं शिलाई मशीनवर होते. तो बंद पडल्यावर तिथल्याच एका गल्लीत पोळीभाजीचा गाळा घेतला. डिपॉझिट, गॅस, भांडी, सगळ्याचे पैसे मोठ्या जाऊबाईंनी दिले. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी त्यांनी मोडली. मी नको म्हणत होते, तर म्हणाल्या, गुडघा काय पळून जातोय का. वर रोज डोंबिवलीहून माझ्यासोबत येऊन भाज्याही त्याच करायच्या. स्टुलावरून उठताना भिंतीचा आधार घ्यायच्या. ते बघितलं की त्यांचे पैसे लवकर फेडायचे, एवढंच माझ्या मनात यायचं.

आमचे बरेच डबे जवळच्या एका ऑफिसात जायचे. तिथे घरं आणि ऑफिसं चालवायची ॲप बनवतात. दिवे, पंखे, दरवाजे सगळं एकाच ॲपवर, मग कुणी ते फोनवरून चालवतं, कुणी टीव्हीच्या रिमोटने, कुणी नुसतं बोलून. तिथल्या एका मुलीने आमच्या ऑर्डरींसाठी तसंच ॲप करून दिलं आणि भिंतीवर टॅब लावून दिला. आसपासच्या ऑफिसांच्या आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या ऑर्डरी त्यावर यायच्या. लगेच घेतली नाही तर ऑर्डर दुसऱ्या पोळीवाल्याकडे जायची. घ्यायची की नाही हे मीच ठरवायचे, कारण कणीक किती उरली ते मला कळायचं. पण माझे हात कणकेत. हात धुवून पुसेपर्यंत ऑर्डर गेलेली असायची. पिठाच्या बोटाने दाबलं तर काच दाद देत नसे. एकदा कोपराने दाबायला गेले तर चांगली मोठी ऑर्डर नाकारली गेली.

ऑफिसातल्या त्या मुलीला हे कळलं तेव्हा तिने बोलून ऑर्डर घ्यायची सोय केली. नुसतं ‘ऑर्डर घे’ म्हणायचं. वर एक्झॉस्ट फॅनची घरघर, बाजूला कुकर, आणि माझा आवाज हा असा. शिवाय दारात गिऱ्हाईक उभं असलं की मला यंत्राशी बोलायची लाज वाटायची. टॅब गप्पच. जाऊबाई कढईत उलथनं फिरवत म्हणाल्या, “अगं, नवऱ्याला पण अशीच हाक मारतेस का? तरीच तो कधी उठत नाही.” गिऱ्हाईकही हसलं.

मुलीने मग विचारलं, काकू, आधी काय काम करायचात? मी काही बोलायच्या आत जाऊबाईंनी माझा सगळा इतिहास सांगून टाकला. ती मुलगी थोडा वेळ माझ्या पायांकडे बघत राहिली. पुढच्या आठवड्यात तिने वायरचं एक पायडल आणून टॅबला जोडलं. पायाने दाबलं की ऑर्डर घेतली.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. ओळखीची वस्तू पायाखाली आली होती. पण मशीनवर बसणारी बाई पायडलवरून पाय कधी उचलत नाही. पाय तिथेच टेकलेला असतो. तसाच मी टेकवला, आणि पोळ्या लाटताना जरा कमरेतून वाकले की आपोआप दाब पडत गेला. येईल ती ऑर्डर घेतली जात होती आणि माझी तिकडे पाठ. जाऊबाईंनी टॅबकडे बघितलं तेव्हा आमच्या ताकदीबाहेरच्या ऑर्डरी झाल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून जास्त भाव देऊन पोळ्या आणल्या. काहींना फोन करून माफी मागितली, तीही जाऊबाईंनीच. त्या महिन्यात त्यांना द्यायचा हप्ता मला देता आला नाही. त्यांनी विषयच काढला नाही, त्याचा मला जास्त त्रास झाला.

मुलगी आली आणि पिठाच्या डब्यावर बसून माझे पाय बघू लागली. म्हणाली, मला वाटलं तुम्ही दारावरची बेल दाबतात तसं दाबाल. मी म्हटलं, पाय टेकलेला असतो हे मलाही आज कळलं. एवढं मी तिच्याशी पहिल्यांदाच बोलले असेन. मग धीर करून पुढचंही सांगितलं. कारखान्यात पुढे दाबलं की मशीन चालतं आणि टाचेने मागे दाबलं की सुईजवळची कापड दाबून धरणारी पट्टी उचलली जाते. टाच कधी चुकून पडत नाही, ती मुद्दाम दाबावी लागते.

“मग ऑर्डर घेणं टाचेवर ठेवू,” ती म्हणाली.

तिने पुढेमागे दोन्हीकडे दाबता येणारं पायडल आणलं आणि ॲपही बदललं. आता पायडल जोडलेलं असलं की टॅबवर एका वेळी एकच ऑर्डर दिसते, लांबून वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत. पुढे दाबलं की दुसरी दिसते, टाच दाबली की समोरची घेतली जाते. पायडल काढलं तर बोटाने दाबायचे चौकोन परत येतात. तेच ॲप जाऊबाईंच्या फोनवर बोलण्यावर चालतं, आणि त्यांचं बोलणं ते पहिल्या हाकेला ऐकतं.

त्यानंतर आमची ऑर्डर हुकली नाही असं म्हणणार नाही, पण जी सोडली ती मी ठरवून सोडली. लाटणं थांबवावं लागत नाही. पोळी तव्यावर फुगते तेवढ्यात ऑर्डर वाचून होते आणि टाच पडते. दुसऱ्या ऑफिसाचे डबे मिळाले. एका महिन्यात मी जाऊबाईंना दोन हप्ते दिले, मग पुन्हा दोन.

गेल्या रविवारी उरलेले सगळे पैसे घेऊन त्यांच्या घरी गेले. घरातलाच व्यवहार असूनही त्यांनी नोटा मोजल्या, थुंकी लावून, दोनदा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “इतके दिवस डॉक्टरला सांगत होते पैसे नाहीत. आता काय सांगू गं?”

मी म्हटलं, काही सांगू नका, मी येते सोबत. त्यांनी पैसे कपाटात ठेवले. सगळे फिटले.