शाई लावलेला अंगठा

वडशाच्या एका राइस मिलमध्ये मी दिवाणजी होतो. तिथे एक बाई वर्षानुवर्षं दिवसभर दाभणाने तांदळाच्या पोत्यांची तोंडं शिवायची. तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली. मनगटात नस दबली आहे आणि ती या शिवण्यानेच दबली असावी, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून भरपाईचा अर्ज भरायला ती माझ्याकडे आली. आपण काहीही न लपवता लिहितो, याचा मला तेव्हा भारी ताठा होता.

अर्जात नसलेला प्रश्न मीच काढला. "बाई, धानाच्या रोवण्यातबी हाताले मुंग्या येतेत का?"

"येतेत ना भाऊ. खोटं काऊन बोलू?"

मी ते जसंच्या तसं लिहिलं. रोवणा, म्हणजे भाताची लावणी, पंधरा-वीस दिवसांचा आणि पोती बारा महिन्यांची, एवढं लिहायचं मात्र या शहाण्याला सुचलं नाही. मालकाच्या वकिलाने तेवढंच वाक्य उचललं, दुखणं शेतातलं ठरवलं. अर्ज फेटाळला गेला.

तिने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. अर्ज भरला त्या दिवशी शाई लावलेला अंगठा तिला कागदावर दाबताच येत नव्हता. "नीट दाबा ना बाई!" म्हणून मी खेकसलो आणि शेवटी तिचा तो लुळा अंगठा चिमटीत धरून मीच अर्जावर दाबला.